योकोईंना कुणी हाकललं नव्हतं

‘जपानमधल्या कारखान्यात यंत्रं पुसणारा एक अर्धशिक्षित कामगार. मालकाची नजर पडली, नशीब फळफळलं, पठ्ठ्याने एकट्याने गेम बॉय हे हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र बनवलं. मग एक यंत्र आपटलं आणि त्याच मालकाने त्याला घरी बसवलं.’ गुनपेई योकोई यांची ही गोष्ट नेटवर जोरात फिरते. ऐकायला झकास आहे, पण तिच्यात खरं फार थोडं आहे.

‘अर्धशिक्षित’ तर लगेच खोडता येतं. क्योटोच्या दोशिशा विद्यापीठातून ते इलेक्ट्रॉनिक्स शिकले होते. १९६५ मध्ये निन्टेन्डोत लागले तेव्हा आजची ही व्हिडिओ गेम कंपनी हानाफुदा हे जपानी पत्ते बनवायची आणि त्या यंत्रांची देखभाल योकोईंकडे होती, एवढं बरोबर. पुसायचं फडकं मात्र गोष्ट सांगणाऱ्याने हातात दिला.

नशिबाचं काय? कामातल्या रिकाम्या वेळात त्यांनी लांबून वस्तू पकडणारा एक लाकडी जाळीचा हात बनवला होता. कारखान्यात फेरी मारताना मालक हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला आणि खेळणं म्हणून बाजारात आणायला सांगितलं. ‘अल्ट्रा हँड’ १९६६ मध्ये आला आणि दहा लाखांहून जास्त खपला. नजर पडणं नशिबाचं म्हणू, पण पुढची तीस वर्षं रोज कुणाची नजर पडत नसते. शिंकान्सेन या जपानी बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्यांना दिसला. असे लोक डब्यात इतरांनीही पाहिलेच असतील. योकोईंना त्यात वेळ घालवायचं खिशातलं यंत्र दिसलं आणि १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आलं. त्यातल्याच १९८२ च्या ‘डाँकी काँग’साठी त्यांनी अधिकाच्या आकाराचं दिशाबटण केलं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून ज्यावर मारिओ खेळलो, त्या स्वस्त नकली यंत्रांच्या रिमोटवरही डाव्या अंगठ्याखाली तेच बटण होतं.

‘एकट्याने गेम बॉय’ हे त्यांच्याच पथकावर अन्याय करणारं आहे. सातोरू ओकादा या त्यांच्या सहकाऱ्याने पुढे सांगितलं की योकोईंच्या मनात गेम अँड वॉचच्या जवळचं साधं यंत्र होतं; जास्त ताकदीच्या, गेम बदलता येणाऱ्या यंत्रासाठी ओकादांनी हट्ट धरला. योकोईंचा ठसा वेगळ्या जागी दिसतो. त्यांचं सूत्र होतं ‘कारेता’ तंत्राचा आडवा विचार, म्हणजे जुनं तंत्र वेगळ्याच कामाला लावणं. ‘कारेता’चं भाषांतर सगळीकडे ‘वाळलेलं’ असं होतं, आणि मग ते भंगारातून काहीतरी जुळवत होते असं वाटतं. जपानी इंजिनिअरच्या तोंडी त्याचा अर्थ मुरलेलं असा होतो, लोणचं मुरतं तसं: स्वस्त झालेलं, खोडी माहीत असलेलं, दगा न देणारं. म्हणून १९८९ च्या गेम बॉयचा पडदा चार छटांचा, रंगाविना. सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीचा रंगीत गेम गिअर सहा पेन्सिल सेल काही तासांत संपवायचा; गेम बॉय चारांवर दहा तासांच्या पुढे सहज जायचा. पोराच्या खिशाला यातलं काय परवडतं, हे त्यांनी आधीच ताडलं होतं.

आता ती हकालपट्टी. १९९५ चा ‘व्हर्च्युअल बॉय’, डोळे टेकवून खेळायचं निन्टेन्डोचं यंत्र, सपशेल पडला, यात वाद नाही. काळ्यावर लाल चित्रं, डोळे दुखण्याच्या तक्रारी, जेमतेम पावणेआठ लाखांचा खप. योकोईंनी निन्टेन्डो सोडली ऑगस्ट १९९६ मध्ये. ‘आधी अपयश, मग राजीनामा, म्हणजे हाकललं’ हा हिशेब इथून आला. पण पन्नाशीला बाहेर पडून मनासारखं काम करायचं, हा त्यांचा बेत जुना होता. तो लांबत गेला, असं त्यांच्या सहकाऱ्याने सांगितलेलं आहे. आणि मधल्या काळात ते कोपऱ्यात बसवलेले नव्हते. जुलै १९९६ मध्ये आटोपशीर ‘गेम बॉय पॉकेट’ दुकानात आला, तोही त्यांच्याच हाताखाली झालेला. जाताना त्यांनी पडलेलं यंत्र मागे ठेवलं नाही, चालणारं ठेवलं.

बाहेर पडून त्यांनी ‘कोतो’ ही स्वतःची कंपनी काढली आणि बंदाई या खेळण्यांच्या कंपनीसाठी नवं हातातलं यंत्र हाती घेतलं. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी महामार्गावर एका किरकोळ धडकेनंतर ते गाडीतून उतरले आणि दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. वय ५६. ते यंत्र, ‘वंडरस्वान’, १९९९ मध्ये आलं. तोवर निन्टेन्डोचा रंगीत गेम बॉय बाजारात होता. वंडरस्वान एकाच पेन्सिल सेलवर चालायचा, आणि पडद्याला रंग नव्हता.