मीटिंगला गेलेली सिस्टर

गेल्या सोमवारी आईला घेऊन गावच्या आरोग्य उपकेंद्रावर गेलो. गाव गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं, नाव सांगत नाही, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. आईच्या प्रेशरच्या गोळ्या संपलेल्या. दाराला कुलूप. पायरीवर एक बाई तान्हं मूल मांडीवर घेऊन बसलेली, हातात लसीचं कार्ड. समोरच्या दुकानदाराने न विचारताच सांगितलं, "सिस्टर मिटिंगेक गेल्या." परत कधी येणार, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

आई एवढंच म्हणाली, "मी म्हटलं होतं, सरळ वाळपईच्या इस्पितळात जाऊया."

रागाच्या भरात घरच्या ग्रुपवर चार ओळी खरडल्या. आमची एक वहिनी दुसऱ्या तालुक्यात नर्स आहे. तिचा लगेच फोन आला. "भावजी, लसीकरण माझं, गरोदर बायकांची नोंद माझी, घरोघरी फिरायचं मी, कॉम्प्युटरवर माहिती भरायची मी. वर केंद्रावरून बोलावलं की मीटिंगलाही मीच. कुलूप लावू नको तर काय करू?" मी गप्प.

पण वहिनीचं सगळं मान्य करूनही पायरीवरची ती बाई डोळ्यांपुढून हलेना. म्हणून या विषयावरचं थोडं वाचलं. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया, पेरू, युगांडा या देशांत न सांगता जाऊन केलेल्या पाहणीचे आकडे २००६ साली प्रसिद्ध झाले. सरासरी ३५ टक्के आरोग्य कर्मचारी जागेवर नव्हते, भारतात ४०. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातली उपकेंद्रं तर कामाच्या वेळेत निम्म्याहून जास्त वेळा बंद सापडली. आणि ती कधी बंद असतील याचा काही नेमच नव्हता. मला हे जास्त लागलं. मंगळवारी बंद असतं हे ठाऊक असेल तर माणूस बुधवारी जाईल.

तिथेच पुढे एका संस्थेने सरकारच्या संमतीने नर्सांची हजेरी यंत्रावर घेऊन पाहिली. गैरहजर राहिलं की पगार कापायचा. सुरुवातीचे महिने हजेरी चांगलीच सुधारली. मग वरूनच सवलतीचे, म्हणजे जागेवर नसूनही पगार न कापायचे, दिवस वाढत गेले. आज मीटिंग, उद्या सर्वेक्षण, परवा आणखी काही. सोळा महिन्यांत सगळं पूर्ववत. यंत्र चालू, कागद चोख, नर्स जागेवर नाही. आपल्याकडे कुणी बायोमेट्रिकचं नाव काढलं की मला आता उदयपूर आठवतं.

गोवा म्हणजे उदयपूर नव्हे, मान्य. रस्ते बरे, अंतरं कमी, शेवटी बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं मोठं इस्पितळ, आहेच. पण म्हणूनच आपण उपकेंद्राच्या कुलपाबद्दल कधी भांडत नाही. गाडी असलेला वाळपई गाठतो. गाडी नसलेली बाई कदंब बसची वाट बघते, नाहीतर घरी परतते. आणि गोमेकॉत प्रेशरच्या गोळ्यांसाठी रांग का, म्हणून पुन्हा आपणच कुरकुरतो.

माझं मागणं मोठं नाही. मीटिंगचा वार महिन्याच्या सुरुवातीलाच ठरू दे, आणि तो लसीकरणाच्या दिवशी नको. दारावर एक फळा लावा: आज सिस्टर कुठे, परत किती वाजता. फळ्याचे पैसे पंचायतीकडे नसतील तर आम्ही चौघे मिळून देऊ. येत्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे. सत्तरी, डिचोली, पेडण्यातल्या मित्रांनो, तुमच्या उपकेंद्राच्या दारावर असं काही लिहिलेलं असतं का?