‘हार्टवाल्यांनाही सेफ’ म्हणे!

चवथीच्या तोंडावर तोच फॉरवर्ड पुन्हा फिरतोय, या खेपेला थेट घरच्या ग्रुपवर: "ताप, खोकला, घसा, सगळ्यावर अ‍ॅझिथ्रोमायसिन ५००. रोज एक, तीन दिवस. डॉक्टरची गरज नाही. साइड इफेक्ट शून्य. हार्टवाल्यांनाही सेफ, कुठल्याही गोळीसोबत चालते." खाली अंगठेच अंगठे.

शेवटचं आधी घेऊ, कारण जीव त्यातच जातो. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला लागणारा वेळ हे अँटिबायोटिक (जंतू मारणारं औषध) लांबवतं. ईसीजीवर त्याला क्यूटी म्हणतात. तो फार लांबला की ठोके बेताल होतात आणि माणूस उभ्याचा कोसळतो. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने मार्च २०१३ मध्ये इशारा दिला तो याचाच. २०१२ च्या टेनेसीतल्या अभ्यासात, अमॉक्सिसिलिन या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या तुलनेत दर दहा लाख कोर्समागे हृदयविकाराचे ४७ मृत्यू जास्त दिसले. ज्यांचं हृदय आधीच सर्वांत धोक्यात होतं त्यांच्यात २४५. धडधाकट पंचविशीतल्या पोराला ही जोखीम नगण्य, कबूल. पण फॉरवर्ड तर हार्टवाल्यांनाच बोलावतोय!

आता घरातला गोळ्यांचा डबा उघडा. अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल-डॉम्पेरिडोन, उलटीची ऑन्डान्सेट्रॉन, जुलाबाची ऑफ्लॉक्सासिन, संधिवाताची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, नैराश्याची एस्सिटॅलोप्रॅम. यातली प्रत्येक क्यूटी लांबवू शकते. त्यात जुलाबाने किंवा लघवीच्या गोळीने पोटॅशियम उतरलेलं असलं की झालंच. म्हणून डॉक्टर आधी चालू गोळ्या विचारतो, शंका आली तर ईसीजी आणि पोटॅशियम बघतो. क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी) ५०० मिलिसेकंदांवर असेल तर हे औषध नाहीच. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर कोर्सदरम्यान आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) पुन्हा बघावा लागतो.

आणि फार्मसीत "तेच आहे" म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन घेऊन येऊ नका. कूळ एक, पण ते यकृतात इतर औषधांचा निचरा अडवतं. कोलेस्टेरॉलच्या सिम्व्हास्टॅटिनसोबत ते द्यायचंच नाही, कारण स्नायू झिजून किडनी बसू शकते. गाउटच्या कॉल्चिसीनसोबतही जीव गेलेले आहेत.

"तीनच गोळ्या, म्हणजे सौम्य" हे उलटं आहे. शेवटच्या गोळीनंतरही औषध कित्येक दिवस शरीरात रेंगाळतं.

सगळ्या तापांवर? सर्दी, फ्लू, डेंगी विषाणूंचे. तिथे काही होत नाही. टायफॉइड आणि स्क्रब टायफसवर (झुडपांतल्या किड्यांच्या चाव्याने येणारा जंतूंचा ताप) मात्र ते खरंच चालतं, आणि घोळ इथेच होतो. टायफॉइडला डोस वजनावर ठरतो आणि साधारण सात दिवस लागतात. तीन दिवसांत ताप दबतो, जंतू उरतो, वर आता रक्ताच्या कल्चरमध्येही (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) सापडत नाही. पावसात भातशेतीत उतरणाऱ्याचा ताप लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) किंवा मलेरियाही असू शकतो. तपासणीचे मोलाचे दिवस असेच जातात.

घशाला स्ट्रेप जंतूचाच संसर्ग असेल तर पहिला मान पेनिसिलिन-अमॉक्सिसिलिनचा, दहा दिवस. त्यांची गंभीर अ‍ॅलर्जी असेल तरच मोठ्यांना अ‍ॅझिथ्रोमायसिन: पहिल्या दिवशी ५०० मिलिग्रॅम, मग चार दिवस रोज २५०.

कोर्स आधीच सुरू केला असेल आणि धडधड, चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पुढची गोळी थांबवा आणि लगेच ईसीजी काढून घ्या.