पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ सोनीचा नव्हे

‘जगातला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ सोनीने बनवला’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. हा मान अमेरिकेतल्या ‘रीजन्सी टीआर-१’चा, १९५४च्या अखेरीस तो ४९.९५ डॉलरला विक्रीला आला. सोनीचा टीआर-५५ आला ऑगस्ट १९५५मध्ये. तो पहिला खरा, पण जपानमधला. तेव्हा रेडिओवर ‘सोनी’ ही अक्षरं होती, कंपनीचं नाव मात्र ‘तोक्यो त्सुशिन कोग्यो’च होतं, इबुका आणि मोरिता यांनी ती १९४६मध्ये काढली होती. नाव बदललं १९५८मध्ये.

कौतुक करायचंच तर वेगळ्या गोष्टीचं करा. रीजन्सीतले ट्रान्झिस्टर, म्हणजे आतले विद्युत संकेत वाढवणारे छोटे भाग, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या दुसऱ्या कंपनीने पुरवले होते. या जपानी मंडळींनी परवाना मिळवून ते स्वतःच्या कारखान्यात घडवले, आणि तेही युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात!