‘आयडी उडाला तर नवीन काढू’: हॅक आणि ब्लॅकच्या यूसीबद्दल फिरणारा दावा कुठे चुकतो

टेलिग्रामच्या ग्रुपांवर आणि रील्समध्ये एक मजकूर थोड्याफार फरकाने सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: नीट वापरला तर हॅक (म्हणजे चीट, गेममध्ये लबाडीने जिंकून देणारं सॉफ्टवेअर) पकडला जात नाही. पकडला गेलाच तर नवीन आयडी, म्हणजे गेममधलं खातं, काढायचा, दहा मिनिटांचं काम. अर्ध्या किमतीत यूसी (बीजीएमआय या मोबाइल गेममधलं विकत घ्यायचं चलन) किंवा स्किन (हत्यारांची, पात्रांची सजावट) घेतल्याने कुणाचंच नुकसान होत नाही. पैसे मोजून आयडी घेतला की तो आपला. आणि भारतात याविरुद्ध कायदाच नाही. शेवटच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, बाकीचे चार चुकीचे आहेत. त्यांच्या भरवशावर शाळा-कॉलेजातली मुलं आपले पैसे, फोन आणि कधी कधी आईवडिलांचं बँक खातं पणाला लावतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘नीट वापरला तर पकडला जात नाही’

हा समज होण्याचं कारण म्हणजे बॅन, म्हणजे खात्यावरची बंदी, उशिरा येतो. चीट टाकला, आठवडाभर खेळलं, काहीच झालं नाही, म्हणजे चीट ‘सेफ’, असं लोक धरून चालतात. पण उशीर मुद्दाम केलेला असतो. चीट सापडल्या क्षणी बॅन केला तर तो बनवणाऱ्याला आपली नेमकी कुठली फाइल ओळखली गेली ते लगेच कळतं आणि दुसऱ्या दिवशी नवीन आवृत्ती येते. म्हणून काउंटर-स्ट्राइकसारख्या गेमसाठी असलेली, स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानाची व्हॅक यंत्रणा आधी नोंद करून ठेवते आणि बॅन नंतर एकगठ्ठा लावते. आज शांतता आहे याचा अर्थ तुमची नोंद झालेली नाही असा होत नाही.

शिवाय आता फक्त फोन किंवा कॉम्प्युटरवरची फाइल तपासत नाहीत. काउंटर-स्ट्राइकच्या कंपनीने, व्हॉल्व्हने, 2018 साली आपली मशीन लर्निंगवर चालणारी पद्धत जाहीरपणे समजावून सांगितली होती. गोळी सुटण्याआधीचा अर्धा सेकंद आणि नंतरचा पाव सेकंद या काळात नेम कसकसा सरकला, हे ती पद्धत सर्व्हरवरच्या नोंदीतून पाहते. माणसाचा हात लक्ष्याच्या थोडा पुढे जातो, मागे येतो, थरथरतो. एमबॉटची (आपोआप नेम धरणाऱ्या चीटची) ‘स्मूदिंग’, म्हणजे नेम माणसासारखा सावकाश सरकवणं, कितीही वाढवली तरी शेकडो गोळ्यांमध्ये तीच वळणं पुन्हा पुन्हा दिसू लागतात. वॉलहॅकची गोष्ट वेगळी आहे. सर्व्हर शत्रूची जागा तुमच्या मशीनला आधीच कळवतो, म्हणून तर भिंतीपलीकडचं दिसतं. व्हॅलोरंट या गेमने ही वाट बरीच बंद केली: शत्रू नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत त्याची जागा सर्व्हर पाठवतच नाही.

स्पर्धेत तर लक्ष ठेवायला माणसंच मागे उभी असतात. ऑक्टोबर 2018मध्ये शांघायच्या एक्स्ट्रीमस्लँड स्पर्धेत ऑप्टिक इंडिया संघाचा खेळाडू असाच सापडला. पंच त्याचं मशीन पाहायला आले तेव्हा तो एक फाइल घाईघाईने बंद करून पुसायला लागला. फाइलचं नाव होतं ‘वर्ड डॉट ईएक्सई’. त्याच्यावर 5 वर्षांची बंदी आली आणि अख्खा संघ बरखास्त झाला. ज्या चार सहकाऱ्यांचा यात हात नव्हता, त्यांचंही काम गेलं.

‘पकडला गेलो तर नवीन आयडी’

बीजीएमआय चालवणाऱ्या क्राफ्टन कंपनीने त्या गेममध्ये 24 डिसेंबर 2021पासून चीट सापडलेला फोनच कायमचा बॅन करायला सुरुवात केली. मग त्या फोनवर धाकट्या भावाचा स्वच्छ आयडीही चालत नाही, आणि तो फोन जुना म्हणून विकला तर पुढचा माणूस फसतो. व्हॅलोरंटची चीट पकडणारी व्हॅनगार्ड यंत्रणा कॉम्प्युटरचा हार्डवेअर ओळखते. विंडोज 11वर ती टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट या कॉम्प्युटरमधल्या सुरक्षा सोयी चालू असल्याशिवाय गेम सुरूच होऊ देत नाही.

व्हॅक बॅन कायमचा असतो. सपोर्टला कितीही लिहिलं तरी तो उठत नाही, प्रोफाइलवर सगळ्यांना दिसतो आणि त्या गेमच्या इन्व्हेंटरीतल्या वस्तू विकता किंवा हलवता येत नाहीत. हजारो रुपयांच्या स्किन डोळ्यांसमोर असतात, पण हातच्या गेलेल्या असतात.

याच ठिकाणी ‘निरपराधांनाही बॅन होतो’ असं सांगितलं जातं. हे खरं आहे आणि मान्य करायला हवं. जुलै 2010मध्ये मॉडर्न वॉरफेअर 2च्या सुमारे 12,000 खात्यांवर चुकून व्हॅक बॅन लागला. ऑक्टोबर 2023मध्ये एएमडीच्या ड्रायव्हरमधलं अँटी-लॅग प्लस चालू ठेवणारे काउंटर-स्ट्राइक 2चे खेळाडू अडकले, कारण ते फीचर गेमच्या फाइलमध्ये तसाच हात घालत होतं जसा चीट घालतो. पण दोन्ही वेळा व्हॉल्व्हने बॅन मागे घेतले. एकाच कारणाने एकदम अनेकांना लागलेला बॅन आणि एकट्याला लागलेला बॅन यांत हाच फरक असतो.

‘स्वस्त यूसी घेतल्याने कुणाचं काय जातं?’

या दाव्यातला सगळ्यात घातक मुद्दा हाच. अर्ध्या किमतीचा यूसी येतो कुठून, हे विचारायला हवं. बहुतेक वेळा दोन वाटा असतात. एक, चोरलेल्या कार्डावर घेतलेला. दोन, खऱ्या पैशाने घेऊन, तुमच्या आयडीवर चढवून, नंतर स्टोअरकडून रिफंड उकळलेला. कार्डधारकाला तक्रारीसाठी कार्ड कंपन्यांच्या नियमांप्रमाणे साधारण 120 दिवसांपर्यंत मुदत मिळते, म्हणून धक्का उशिरा बसतो. पैसे परत गेले की गेम कंपनी तेवढा यूसी कापते. तुम्ही तो खर्च केला असेल तर शिल्लक उणे होते आणि आयडी अडकतो. विकणारा तोवर नाव बदलून दुसऱ्या ग्रुपमध्ये गेलेला असतो.

आणि नुकसान गेमबाहेरही पसरतं. रूनस्केप गेममध्ये सोनं विकणाऱ्या टोळ्या चोरीची कार्डं इतकी वापरू लागल्या, की कंपनीने डिसेंबर 2007 ते जानेवारी 2008 या काळात खेळाडूंमधला मोकळा व्यापारच आवळला. तो परत यायला फेब्रुवारी 2011 उजाडला. तीन वर्षं शिक्षा प्रामाणिक खेळाडूंनी भोगली. 28 ऑक्टोबर 2019ला व्हॉल्व्हने काउंटर-स्ट्राइकच्या नव्या चाव्यांची (स्किनच्या पेट्या उघडायला विकत घ्यायच्या) देवाणघेवाण बंद केली, तीही हेच कारण देऊन: बाजारात फिरणाऱ्या जवळपास सगळ्या चाव्या फसवणुकीच्या पैशातून आलेल्या होत्या.

स्किनच्या सौद्यात फसवणूक कशी होते ते नीट पाहून ठेवा. ‘आमच्या टीमला मत दे’ किंवा ‘स्किनची किंमत तपास’ म्हणून लिंक येते. हुबेहूब स्टीमसारखं पान उघडतं, तुम्ही लॉगिन करता. पलीकडचा तुमच्या खात्यावर एक एपीआय की (खात्यातले व्यवहार प्रोग्रॅमला हाताळू देणारी सांकेतिक किल्ली) तयार करून ठेवतो आणि गप्प बसतो. नंतर तुम्ही खऱ्या ग्राहकाला ट्रेड, म्हणजे स्किन देण्याची ऑफर, पाठवता. चोराचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) ती क्षणात रद्द करतो आणि तेच नाव, तोच फोटो लावलेल्या दुसऱ्या खात्याकडून तशीच ऑफर येते. तुम्ही फोनवर ‘कन्फर्म’ दाबता आणि तुमची चाकूची स्किन गेली.

संशय आला तर आधी स्टीमच्या वेब एपीआय कीच्या पानावर जाऊन अनोळखी की रद्द करा. मग सगळ्या उपकरणांवरून साइन आउट, नंतर पासवर्ड बदल, शेवटी नवीन ट्रेड लिंक. यातली एकही पायरी गाळू नका: नुसता पासवर्ड बदलला आणि की तशीच राहिली, तर चोर आतच राहतो. फोनवर कन्फर्म करताना नाव-फोटो पाहू नका, खात्याची लेव्हल आणि ते उघडल्याची तारीख पाहा. जुलै 2025पासून काउंटर-स्ट्राइकच्या ट्रेडला 7 दिवसांचं संरक्षण आहे, त्या मुदतीत तो उलटवता येतो.

फुकटचा हॅक एपीके (बाहेरून टाकायची अँड्रॉइड ॲपची फाइल) तर आणखी वाईट. तो टाकताना ‘प्ले प्रोटेक्ट (गूगलची ॲप तपासणारी सोय) बंद करा’ आणि ‘ॲक्सेसिबिलिटी चालू करा’ असं सांगतात. ॲक्सेसिबिलिटी मिळालेलं ॲप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं, त्यात बँकेचा ओटीपीही आला.

‘पैसे दिले, आयडी माझा’

आयडी विकत घेणाऱ्याला लॉगिन मिळतं, मालकी मिळत नाही. अटींप्रमाणे आयडीची विक्रीच मना आहे, तक्रार करायला गेलात तर आधी आयडी बंद होईल. मूळ मालकाकडे पहिला ईमेल आणि जुन्या खरेदीच्या पावत्या असतात, तेवढ्यावर तो आयडी परत खेचतो. विकणाराही सुरक्षित नाही. घेणाऱ्याने सायबर फसवणुकीतले पैसे यूपीआयने पाठवले, तर तपासात पैशांचा माग काढत पोलीस विकणाऱ्याच्या बँक खात्यापर्यंत येतात आणि बँक रक्कम गोठवते, कधी पूर्ण खातंच.

‘भारतात कायदाच नाही’

गेममध्ये चीट वापरणं हाच गुन्हा ठरवणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही, हे खरं. दक्षिण कोरियात चीट बनवून वाटणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. 2025चा आपला ऑनलाइन गेमिंग कायदा मुख्यतः पैसे लावून खेळायच्या गेमसाठी आहे, त्याचा इथे संबंध नाही. पण लबाडीने दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सीमध्ये येतं आणि ऑनलाइन दुसरा कुणी असल्याचं भासवून फसवणं 66डीमध्ये. दोन्हींना 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. साधी फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम 318मध्ये येते.

पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात. जवळ यूपीआयचा 12 अंकी व्यवहार क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि गप्पांचे स्क्रीनशॉट हवेत. स्क्रीनशॉट आधी काढा, जाब नंतर विचारा: टेलिग्रामवर समोरचा माणूस तुमच्याकडचंही संभाषण पुसू शकतो.