'21 दिवसांत आनंदाची सवय': खुलासा

'रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा, थोडं चाला. 21 दिवसांत सवय कायमची लागते. एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून,' असा मेसेज फिरतो आहे. सवयी चांगल्या आहेत. आकडा आणि अट मात्र चुकीची.

21 चा आकडा प्लॅस्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या 1960 च्या पुस्तकातून आला. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा आपलासा वाटायला 'किमान' 21 दिवस लागतात, हे त्यांचं निरीक्षण. पुढे 'किमान' गळून पडलं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधक फिलिपा लॅली यांनी 96 जणांच्या सवयी प्रत्यक्ष तपासल्या. सवय लागायला लागलेल्या दिवसांचा मध्यक (म्हणजे मधला आकडा) निघाला 66 दिवस. पल्ला 18 ते 254. पाणी पिण्यासारखी सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही! 'पुन्हा पहिल्यापासून' वाचून बाविसाव्या दिवशी वही कपाटात जाते, खरं नुकसान तिथे होतं.

वेळेपेक्षा खूण धरा: चहाचं आधण ठेवलं की एक ओळ लिहायची, वही-पेन ओट्याजवळच. जेवणाचं ताट उचललं की चपला घालायच्या.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.