पटलं पाहिजे, चाललं नाही तरी चालेल

वेबसाइटचा मॉकअप, म्हणजे ती बांधण्याआधी दाखवायचं तिचं हुबेहूब चित्र, नक्की कोणाला पटवायचा असतो, इथेच नवशिके फसतात. त्यांना वाटतं, जो माणूस ती वेबसाइट वापरणार त्याला. अहो, तो मीटिंगला येणार आहे का? बिलावर सही त्याची लागते का? बंद पडदे, भिंतीवर मोठा स्क्रीन, समोर चार-पाच मंडळी आणि त्यातल्या एकाच्या हातात होकार-नकार. आपला प्रेक्षक एवढाच. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं, की बाकीचा मामला हाताच्या सवयीचा आहे.

सुरुवात कागद-पेन्सिलने करा, असं सगळे सांगतात. खुशाल करा. फक्त तो कागद कोणाला दाखवू नका. कच्च्या चित्रात डोळे दिपवणारं काही नसतं, त्यामुळे बघणाऱ्याचं लक्ष थेट मुद्द्याकडे जातं, आणि लक्ष मुद्द्याकडे गेलं की आपलं काम वाढतं. माझ्या हातून एकदा ही चूक झाली. वहीतला कागद तसाच टेबलावर ठेवला: मजकुराच्या जागी नागमोडी रेघा, फोटोच्या जागी फुल्या, बटणांच्या जागी चौकटी. कडेला बसलेल्या, हिशेब सांभाळणाऱ्या बाईंनी तो स्वतःकडे फिरवून घेतला. एका बटणावर बोट टेकवलं, तिथून निघालेल्या बाणावरून ते पुढच्या चौकटीवर नेलं आणि विचारलं, "आणि ऑर्डर रद्द करायची झाली तर कुठून?"

कुठूनच नाही. तो रस्ता काढायचाच राहिला होता. त्याच चौकटींना गोल कोपरे, मागे मऊ सावली आणि वर एक हसरा फोटो दिला असता, तर त्याच बाई "निळा जरा गडद चालेल का?" एवढं विचारून थांबल्या असत्या. निळा गडद करायला दहा सेकंद लागतात. रद्द करण्याचा रस्ता काढण्यात आठवडा गेला. बाल्सामिक नावाचं एक साधन २००८ पासून मुद्दाम वेड्यावाकड्या, हाताने काढल्यासारख्या रेघांत वायरफ्रेम, म्हणजे पानाचा कच्चा आराखडा, दाखवतं. हेतू हा, की लोकांनी रंगांवर न बोलता रचनेवर बोलावं. असल्या साधनांपासून चार हात लांब राहा.

कच्च्या चित्राची खरी वेळ सगळं संपल्यावर येते. पान मंजूर झालं, की ते समोर ठेवून त्यावरून पेन्सिलने कच्चं चित्र उतरवायचं. दोन-चार ठिकाणी खाडाखोड, एक जाड बाण, कोपऱ्यात घाईच्या अक्षरात "युजरला काय हवं?" शेजारी पेन्सिलीची साल पसरून वरून फोटो. पोर्टफोलिओत हा फोटो पहिला आणि तयार पान शेवटी लावलं, की विचारप्रक्रिया झालीच म्हणून समजा.

आता मजकूर. तो क्लायंट देणार असतो, म्हणजे येणार नसतो. तोवर 'लोरेम इप्सम' हा जागा भरायचा लॅटिनसारखा निरर्थक मजकूर ओता. हा ऐवज साधासुधा नाही. रोमन वक्ता सिसेरोच्या इसवी सन पूर्व ४५ मधल्या ग्रंथाची मोडतोड होऊन तो बनला. मूळ शब्द 'दोलोरेम', म्हणजे वेदना; त्याचं मुंडकं उडालं आणि 'लोरेम' उरला. १९६०च्या दशकात लेट्रासेटच्या, घासून अक्षरं उमटवायच्या कागदांनी तो रुजवला, १९८०च्या दशकात तो पानं जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरला. वेदना आहे म्हणून वेदना कोणालाच आवडत नाही, असा मूळ वाक्याचा आशय. ते पानभर पसरायचं आणि खाली मोठ्या बटणावर लिहायचं, 'आत्ताच नोंदणी करा'.

लोरेमचा मोठा गुण असा, की तो तुम्ही ठरवाल तिथे संपतो. जागा तीन ओळींची असली तर तीनच ओळी, एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. खरा मजकूर मराठीत येईल तेव्हा त्याला वर रफार-मात्रा असतील, खाली उकार असतील. लॅटिनसाठी बेतलेल्या दाटीच्या ओळींत खालचे उकार छाटले जाऊन 'तुमच्या सूचना'चं 'तमच्या सचना' होईल. होऊ दे. तोवर हे फॉन्टचं दुखणं ठरलेलं असतं.

मॉकअपमध्ये एक माणूसही लागतो. तिचं नाव रिया. चार वर्षं मी रियालाच ठेवतोय, तुम्हीही ठेवा. दोनच अक्षरं, कुठेही मावते. रियाचा फोटो नेहमी उजेडाकडे तोंड करून काढलेला असतो. तिला तीन नवे संदेश आलेले असतात; शून्य कधीच नाही आणि एकशे बारा तर नाहीच. तिच्या यादीत चार वस्तू, चौघींची नावं एका लांबीची. ती पासवर्ड विसरत नाही. तिचं कार्ड नाकारलं जात नाही. पैसे भरताना मध्येच रेंज गेली, असं तिच्या आयुष्यात एकदाही घडलेलं नाही. कोणी डेव्हलपर विचारेल, "यादी रिकामी असेल तर काय दाखवायचं?" त्याला सांगा, ते दुसऱ्या फेजमध्ये. (दुसरी फेज म्हणजे काय, हे मलाही अजून कोणी दाखवलेलं नाही.)

अक्षरांचा रंग फिकट राखाडी ठेवा, पांढऱ्यावर. साध्या मजकुराचा मागच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ असावा, असं वेबच्या सुगम्यतेचे जागतिक निकष सांगतात. पण असले निकष लिहिणारी माणसं उन्हात उभं राहून फोन बघत असावीत. आपण अंधाऱ्या खोलीत दाखवणार आहोत, तिथे फिकट राखाडी फार उच्चभ्रू दिसतो. बटणंही नाजूक ठेवा. अ‍ॅपलने बोटाने दाबायच्या जागेसाठी ४४ पॉइंट सांगितलेत, गूगलच्या मटेरियल डिझाइन या नियमावलीने ४८ डीपी; दोन्ही स्क्रीनवरची मापं. मॉकअपवर अंगठा ठेवून कोणी बघत नाही, माऊसचा बाण पुरे. पान १४४० पिक्सेल रुंदीवर आखा. ३६० पिक्सेलच्या फोनवर काय होणार, असा प्रश्न आलाच तर शांतपणे "ते रिस्पॉन्सिव्ह आहे" म्हणा, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे पान आपोआप जुळवून घेतं. ईथन मार्कोट या वेब डिझायनरने २०१० मध्ये हा शब्द रुळवला, तेव्हापासून त्याने कितीतरी मीटिंगा वाचवल्या आहेत.

वापरणाऱ्यालाही थोडंफार पटवावं लागतं म्हणा. त्यासाठी 'हो'चं बटण भरदार हिरवं आणि 'नाही'च्या जागी बारीक अक्षरांत 'नको, मला माझे पैसे वाया घालवायचे आहेत'. वर उलटं मोजणारं घड्याळ: सवलत संपायला ०९:५९. मॉकअपमध्ये ते चित्रच असतं, म्हणून चालत नाही. पुढे डेव्हलपर विचारायला येतो, "ही वेळ कुठून घ्यायची?" कुठूनही नाही. पान उघडलं की पुन्हा ०९:५९ पासून सुरू. तो तुमच्याकडे क्षणभर बघतो आणि जातो. हॅरी ब्रिग्नल नावाच्या डिझायनरने २०१० मध्ये अशा युक्त्यांना 'डार्क पॅटर्न' असं नाव ठेवून यादीच करायला घेतली. यादी अभ्यासावी. त्यातलं निम्मं आपल्याला सुचलेलंही नसतं. प्रेझेंटेशनमध्ये मात्र 'डार्क' म्हणायचं नाही. 'ग्राहकाला निर्णय घ्यायला मदत' म्हणायचं.

चाचणीचं खूळ कोणाच्या डोक्यात शिरलं, तर घाबरू नका. पाच माणसांना वापरायला बसवलं तरी बहुतेक अडचणी बाहेर येतात, असं वापरसुलभतेचा तज्ज्ञ जेकब नील्सनने २००० मध्ये लिहून ठेवलंय. म्हणूनच पाच नकोत. एकच बोलवा, ओळखीतला, आणि त्याला काम देऊ नका, "कसं वाटतंय?" विचारा. "छान आहे" म्हणेल. ते वाक्य मोठ्या अक्षरांत, अवतरणचिन्हांसकट एका स्लाइडवर.

मीटिंगला तीन पर्याय न्या. एक तुमचा, दोन तुम्हालाच बघवत नाहीत असे. तुमच्यात एक ढळढळीत चूक पेरून ठेवा, लोगो बारीक करणं सगळ्यात सोपं. साहेब तो मोठा करायला सांगतील, तुम्ही भुवया उंचावून "हं, खरंच की" म्हणाल, आणि त्यानंतर ते पान त्यांचंही होईल. आपल्या पोराला कोण नावं ठेवतं? शेवटची स्लाइड तिरप्या लॅपटॉपची: आत आपलं पान, खाली लांब सावली. तिरप्या पानावरचं काही वाचता येत नाही, म्हणून कोणी वाचतही नाही. टाळ्या इथेच पडतात.

पान लाइव्ह झाल्यावर आठवड्याभरात साहेबांचा फोन येईल. भर उन्हात कुठेतरी उभे असतील, मागे गाड्यांचे आवाज. "अहो, माझ्या फोनवर वर माझं नाव दोन ओळींत आलंय, आणि ते खालचं बटण अर्धंच दिसतंय. दाबलं तर भलतंच उघडतं." वाद घालू नका. मंजूर झालेला मॉकअप, त्यांच्याच सहीचा, तेवढा पुन्हा पाठवून द्या. त्यात रियाचं नाव अगदी व्यवस्थित मावलेलं असेल.