इतिहासात काम मिळवायला ‘आपला माणूस’ लागतो?

इतिहासात एमए करणाऱ्या मुलांमध्ये एक मेसेज फिरतो: ‘या क्षेत्रात ओळखीशिवाय काम नाही. सरकारी जागा आतल्या आत भरतात, साध्या माणसाला जुन्या कागदांच्या दफ्तराला हातही लावू देत नाहीत, वारशावर पोट भरत नाही. इतिहास छंदापुरता ठेवा.’ तो वाचून लहान गावांतली हुशार मुलं वाट सोडतात, म्हणून हे उत्तर.

‘जागा आतल्या आत भरतात.’ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातली अधिकारीपदं यूपीएससी भरते, राज्याच्या पुरातत्त्व खात्यातली एमपीएससी. जाहिरात उघड निघते. जागा थोड्या आणि क्वचित निघतात, हे खरं दुखणं आहे. भांडायचं तर त्यासाठी भांडा.

‘दफ्तराला हात लावू देत नाहीत.’ हे तर साफ चूक. पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहात, पेशवे दफ्तराचे कोट्यवधी कागद आहेत, बहुतेक मोडी या जुन्या मराठी लिपीत. अभ्यासकाला रीतसर अर्ज करून ते पाहता येतात. मोडीचे वर्ग खुद्द पुराभिलेख संचालनालय घेतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी तपासायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची जिल्ह्याजिल्ह्यांत शोधाशोध झाली. जमिनीच्या दाव्यांत जुनी खरेदीखतं, गहाणखतं, इनामाच्या सनदा निघतात. त्यांचं लिप्यंतर कुणीतरी करावंच लागतं. इथे वशिला चालत नाही. कागद समोर येतो. इसन्ने, सलास, अर्बा असे सुहूर सन या जुन्या कालगणनेतले अरबी आकडे उलगडले, ऱ्हस्वदीर्घ नसलेल्या ओळीतून गावाचं नाव बरोबर निघालं, की काम तुमचं. मोडी वर्गात नाही, रोजच्या सरावानेच बसते.

‘वारशावर पोट भरत नाही.’ जुलै २०२५ मध्ये १२ मराठा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यांची मोजणी, डागडुजी, माहितीफलक, वाटाड्यांचं प्रशिक्षण ही सगळी कामंच आहेत. मात्र बरीचशी कंत्राटी, मानधन तुटपुंजं. ‘अनुभव मिळेल’ म्हणत महिनोन्महिने फुकट राबवणाऱ्यांना सरळ नकार द्या.

खासगी संग्रहालयांत आणि छोट्या प्रकल्पांत ओळखीने कामं दिली जातात, हे मी नाकारत नाही. पण ती ओळख जन्मानेच मिळावी लागत नाही, कामानेही होते. तुमच्या तालुक्यातल्या वीरगळांची (वीरांच्या स्मारकशिळांची), बारवांची (पायऱ्यांच्या विहिरींची), शिलालेखांची नोंद करा. अक्षरांत खडू भरू नका, सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो घ्या, मापं आणि नेमकी जागा लिहा, वाचन संशयास्पद असेल तिथे प्रश्नचिन्ह टाका, आणि टिपण एखाद्या संशोधन-नियतकालिकाकडे पाठवा.